पुट एक्स्पायर झाला म्हणून कंपनीचं काय वाचलं?

पत्र थोडक्यात असं आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघणारे एक गृहस्थ, वय ४३. वडिलांच्या मागं त्यांच्याकडं एका मोठ्या आयटी कंपनीचे १९० शेअर आलेत. त्या कंपनीनं टेंडर पद्धतीचा बायबॅक जाहीर केलाय, म्हणजे ठरलेल्या भावानं शेअरहोल्डरकडनं स्वतःचेच शेअर परत घेणार, भाव १,२५० रुपये, आणि बाजारात शेअर सध्या १,०४० च्या आसपास आहे. गेले तीन महिने ते ह्याच शेअरचे पुट ऑप्शन विकतायत, तिन्ही वेळा पुट शून्यावर एक्स्पायर झाले आणि मिळून २३,५०० रुपये सुटले. ह्याही महिन्यात १,००० च्या स्ट्राईकचा एक लॉट, म्हणजे ५०० शेअरचा, १४ रुपये प्रीमियमनं विकून ठेवलाय. व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे 'सर' सांगतात की पुट एक्स्पायर झाले की कंपनीचे पैसे वाचतात, तेच बायबॅकमध्ये येतात आणि भाव वर जातो, मायक्रोसॉफ्टनं असंच केलं होतं. म्हणून पुढच्या महिन्यात पाच लॉट विकायचा बेत आहे, त्यासाठी वडिलांचे शेअर प्लेज करायचे, म्हणजे ब्रोकरकडं तारण ठेवायचे, आणि मेहुण्यानं देऊ केलेले ४ लाख घ्यायचे. घरात बायकोला ह्यातलं काही माहीत नाही. त्यांचं विचारणं एवढंच: ताई, हे गणित बरोबर आहे का, आणि मेहुण्याचे पैसे घेऊ का?

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मग सोबत वहीच्या पानाचा फोटो पाठवलाय तो मोठा करून बघितला. अक्षर फार सुरेख आहे हो तुमचं, आजकाल असं बघायला मिळत नाही. जमा बाजूला ९,०००, मग ६,५००, मग ८,०००, खाली दोन रेघा आणि २३,५००, त्याच्याखाली ह्या महिन्याचे ७,००० पण लिहून टाकलेत, अजून एक्स्पायरी व्हायचीय तरी. आणि नावे बाजू कोरी. यार्डात इतकी वर्षं खतावणी लिहिणारा माणूस नावे बाजू कोरी ठेवतो हे बघून मला आधी हसू आलं आणि मग जरा काळजी वाटली, कारण दुकानाच्या वहीत तुम्ही असं कधीच केलं नसतं.

सरांचं गणित बाजूला ठेवा, आधी तुमच्याच धंद्यातलं बोलू. समजा फेब्रुवारीत एक शेतकरी दुकानात येतो, त्याची राजापुरी हळद अजून शिजवायची वाळवायची आहे, आणि तो म्हणतो, मालक, मे महिन्यात भाव क्विंटलला १४,००० च्या खाली गेला तर माझी हळद तुम्ही १४,००० नं घ्यायची, वर गेला तर मी मोकळा, मला पाहिजे तिथं घालीन, आणि ह्या बोलीचे हे क्विंटलमागं ३०० रुपये आत्ताच ठेवा. झाला पुट. ३०० हा प्रीमियम, १४,००० ही स्ट्राईक, मे महिना ही एक्स्पायरी. आता मे उजाडला आणि भाव १५,००० निघाला तर तो शेतकरी तुमच्याकडं फिरकणार पण नाही, सौद्यात माल घालून मोकळा होईल. तुमचे ३०० राहिले. ह्यालाच पुट शून्यावर एक्स्पायर झाला म्हणतात. पण मला सांगा, तुमच्या गोदामात हळद किती आली? एक पोतं पण नाही.

हे पोतं लक्षात ठेवा, कारण मायक्रोसॉफ्टची सगळी गोष्ट ह्याच पोत्यावर आहे.

तुमचे सर अर्धं खरं बोलतायत, आणि अर्धं खरं हे फार अडचणीचं असतं, पूर्ण खोटं असतं तर तुम्हीच पहिल्या दिवशी ओळखलं असतं. १९९० च्या दशकात अमेरिकेत मायक्रोसॉफ्ट, इंटेल, डेल ह्या कंपन्या स्वतःच्याच शेअरचे पुट विकायच्या, बायबॅकचाच एक भाग म्हणून. कल्पना अशी की नाहीतरी आपल्याला आपले शेअर विकत घ्यायचेच आहेत, मग भाव पडला तर ठरलेल्या भावानं घेऊ, नाही पडला तर प्रीमियम खिशात. त्या प्रीमियमवर तिकडं कंपनीला टॅक्सही नसतो, कारण स्वतःच्या शेअरवरच्या ऑप्शनमधला फायदा तोटा तिथला कायदा धरतच नाही, आणि हिशेबातही तो नफ्यात न दाखवता थेट भांडवलात टाकतात. मायक्रोसॉफ्टनं १९९९ च्या आर्थिक वर्षात असा ७६.६ कोटी डॉलर प्रीमियम गोळा केला, २००० साली ४७.२ कोटी. बसल्या जागी. तुमच्या २३,५०० सारखंच, फक्त आकडा मोठा.

आता तुमचा मूळ प्रश्न, की असे पुट एक्स्पायर झाले तर बायबॅकचं काय होतं. सर म्हणतात वाढतो, प्रत्यक्षात त्या पुटपुरता बायबॅक झालेलाच नसतो! कंपनीला प्रीमियम मिळाला पण शेअर एकही परत आला नाही, हळदीचं पोतं आलं नाही तसंच. त्या पुटसाठी जेवढे शेअर घ्यायची तयारी बांधून ठेवलेली असते ती मोकळी होते, बरोबर, पण मोकळी झाली म्हणजे नवे पैसे आले असं नाही, आता शेअर पाहिजेच असतील तर कंपनीनं एकतर नवा पुट विकायचा नाहीतर बाजारात जाऊन चढ्या भावानं घ्यायचे. आणि ह्यात अजून एक गंमत आहे जी ग्रुपवर कोण सांगणार नाही. ह्या कंपन्या बायबॅक करत होत्या ते बऱ्याच अंशी कर्मचाऱ्यांना दिलेल्या स्टॉक ऑप्शनमुळं, म्हणजे ठरलेल्या भावानं कंपनीचे शेअर घ्यायच्या हक्कामुळं, शेअरची संख्या फुगते ती खाली आणायला. शेअर वर गेला की कर्मचारी आपले ऑप्शन वापरतात, म्हणजे नवे शेअर बाहेर पडतात, आणि नेमक्या त्याच वेळी पुट शून्यावर एक्स्पायर होतात, म्हणजे आत काहीच येत नाही. गोदामाच्या एका दारातनं माल चाललाय आणि दुसऱ्या दारातनं नुसती नोटांची पाकिटं येतायत, असं ते.

आणि भाव पडला की उलटं. जून २००० ला मायक्रोसॉफ्टनं विकलेले पुट १५.७ कोटी शेअरचे होते, स्ट्राईक ७० ते ७८ डॉलर. त्या डिसेंबरअखेर शेअर ४३ डॉलरच्या आसपास होता. म्हणजे बाजारात ४३ ला मिळणारी वस्तू सत्तरच्या वर पैसे मोजून घ्यायचं बंधन, तेही मंदीत, जेव्हा पैसा जपून वापरायचा असतो तेव्हाच. असे पुट मिटवायची आणखी एक पद्धत होती, फरकाची रक्कम रोख न देता नवे शेअर देऊन मिटवायची, म्हणजे बायबॅक करायला गेले आणि शेअर उलटे वाढले. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीच्या गल्ल्यात अब्जावधी डॉलर होते म्हणून त्यांनी ते पचवलं. पुढं २००३ मध्ये तिकडच्या हिशेबाच्या नियमांनी असे पुट सरळ देणं म्हणून ताळेबंदात दाखवायला लावले. म्हणजे काय केलं बघा, नावे बाजू लिहायला लावली.

ही झाली अमेरिका. पण तुमच्या बाबतीत ह्यातलं काहीच लागू नाही, कारण तुम्ही पुट विकलाय तो कंपनीला नव्हेच! कंपनी तुमच्या समोर बसलेली नाही. तुमच्या समोर कुठला तरी दुसरा ट्रेडर आहे, मध्ये सौदे मिटवणारं क्लिअरिंग कॉर्पोरेशन आहे, आणि तुमचा पुट शून्य झाला तर त्या ट्रेडरचे १४ रुपये तुमच्याकडं आले, संपलं. कंपनीला त्याची खबरही नसते. आपल्याकडं लिस्टेड कंपनीचा बायबॅक कंपनी कायद्याचं कलम ६८ आणि सेबीच्या २०१८ च्या नियमांवर चालतो, त्यात किती शेअर, काय भाव, किती पैसे हे आधीच जाहीर होतं, एस्क्रोमध्ये, म्हणजे वेगळ्या राखीव खात्यात, रक्कम ठेवावी लागते. शेअर बाजारातनं हळूहळू उचलायची जी वाट होती ती पण १ एप्रिल २०२५ पासून बंद केली. तुमच्यासारख्या पाच लाख लोकांचे पुट उद्या शून्यावर एक्स्पायर झाले तरी ह्या कंपनीचा बायबॅक एका शेअरनं वाढणार नाही की कमी होणार नाही. एक्स्पायरीच्या आसपास भाव थोडा हलतो, कारण पुट विकणाऱ्या मोठ्या लोकांनी बचावासाठी घेतलेल्या दुसऱ्या पोझिशन ते सोडवतात, त्यालाच कोणीतरी कंपनीची खरेदी समजलं असावं.

मग प्रश्न येतो, ठीक आहे ताई, पण कंपनी १,२५० नं घेणारच आहे की, मग भाव १,००० च्या खाली जाईलच कसा? पत्रात हे तुम्ही सरळ लिहिलेलं नाही पण सगळ्या ओळींच्या मागं हेच आहे, आणि बऱ्याच जणांच्या डोक्यात हेच असतं म्हणून जरा सविस्तर सांगते. कंपनी १,२५० नं सगळे शेअर घेणार नाहीये, थोडे घेणार आहे. इन्फोसिसचं बघा. २०२५ मध्ये त्यांनी १८,००० कोटींचा बायबॅक काढला, भाव १,८०० रुपये, म्हणजे १० कोटी शेअर. ऐकायला डोंगर वाटतो, पण कंपनीच्या एकूण शेअरचा तो जेमतेम २.४१ टक्के. यार्डात एखाद्या मोठ्या खरेदीदारानं सांगितलं की मी चढ्या भावानं घेतो पण प्रत्येकाच्या शंभर पोत्यातली दोन-अडीच पोतीच घेणार, तर उरलेल्या साडेसत्त्याण्णव पोत्यांचा भाव कोण ठरवणार? नेहमीचा बाजारच ठरवणार. म्हणून तर १,२५० जाहीर होऊनही शेअर १,०४० ला आहे, नाहीतर १,२४० ला नसता का गेला. बायबॅकचा भाव म्हणजे शेअरखाली घातलेला कोबा नव्हे.

आता जे सांगते ते नीट वाचा, कारण तुमच्या पत्रातली खरी अडचण इथं आहे आणि ती तुम्ही विचारलेलीच नाही.

टेंडर बायबॅकमध्ये १५ टक्के हिस्सा लहान शेअरहोल्डरसाठी राखीव असतो. लहान म्हणजे रेकॉर्ड डेटला (शेअर कोणाकडं किती आहेत हे कंपनी ज्या दिवशीचं धरते तो दिवस) ज्याच्याकडच्या त्या कंपनीच्या शेअरची किंमत बंद भावानं २ लाखांच्या आत आहे तो. ह्या राखीव हिश्शात आणि बाकीच्यांत फरक किती पडतो ते परत इन्फोसिसच्याच आकड्यांनी बघा, लहान शेअरहोल्डरला दर ११ शेअरमागं २ शेअर द्यायचा हक्क होता आणि बाकी सगळ्यांना दर ७०६ शेअरमागं १७. तुमच्या कंपनीचं प्रमाण वेगळं निघेल, पण अंदाजासाठी हेच धरू. १९० शेअरवर तुम्हाला लहान म्हणून ३४ शेअरचा हक्क येतो. तेच १९० शेअर जर मोठ्यांच्या रांगेत गेले तर हक्क येतो ४ शेअरचा. चार!

आणि तुम्ही कुठं उभे आहात बघा. १९० गुणिले १,०४० म्हणजे १,९७,६००. भाव १,०५३ झाला की तुम्ही २ लाखांच्या बाहेर. तेरा रुपयांचा खेळ आहे, एका सकाळी होतो. तुम्ही भाव वर जाऊ दे म्हणून देव पाण्यात ठेवून बसलाय आणि भाव जरासा वर गेला की तुमचा हक्क ३४ वरनं ४ वर येतोय. आता दुसरी बाजू. तुमचा पुट महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी संपतोय आणि रेकॉर्ड डेट त्याच आठवड्यात शुक्रवारी आहे असं तुम्हीच लिहिलंय. ऑक्टोबर २०१९ पासून शेअरवरच्या सगळ्या ऑप्शनचा शेवट रोखीनं होत नाही, प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होतो. मंगळवारी भाव ९८० ला बंद झाला तर १,००० च्या भावानं ५०० शेअर तुमच्या गळ्यात, ५ लाख रुपये मोजून, आणि ते शुक्रवारच्या आत डिमॅटला येऊन बसणार. मग तुमच्याकडं ६९० शेअर, किंमत पावणेसात लाखांच्या घरात, रांग मोठ्यांची, आणि हक्क, त्याच प्रमाणात, १६ शेअरचा. शेअर साडेतीनपट झाले आणि विकायला मिळणारे निम्मे झाले. तुमच्या पुटचा बायबॅकवर काही परिणाम होत असेल तर तो हा, कंपनीच्या बायबॅकवर नव्हे, तुमच्या स्वतःच्या बायबॅकवर.

म्हणून माझं मत असं की हा चालू लॉट एक्स्पायरीची वाट न बघता आधीच परत विकत घेऊन मिटवा. भाव १,०४० ला असताना आणि दिवस थोडे उरलेले असताना हा पुट स्वस्तात मिळायला पाहिजे, समजा ४ रुपयांना मिळाला तर ५०० चे २,००० जातील, ७,००० तले ५,००० तरीही तुमचे राहतील. आणि रेकॉर्ड डेटच्या दोन-तीन दिवस आधी वडिलांच्या शेअरपैकी दहा शेअर विकून टाका. जीवावर येईल, माहितीय मला, वडिलांच्या हातचे आहेत. पण १८० शेअर असले की भाव १,१११ पर्यंत गेला तरी तुम्ही २ लाखांच्या आत, आणि हक्क ३४ चा ३२ होतो, फक्त दोन कमी. तुमच्यासारखे काठावर बसलेले कितीतरी लोक आहेत, कोणाकडं १९२ आहेत कोणाकडं १८८, आणि रेकॉर्ड डेटच्या दिवशी भाव थोडा वर गेला की हळहळत बसतात, त्यांनी पण हे करून बघावं. टेंडर करताना मात्र हक्कापुरतेच न देता सगळे १८० शेअर द्या, दुसऱ्या कोणी दिले नाहीत तर जास्तीचे घेतले जातात, नाही घेतले तर परत येतात.

आणि प्लेजचं नाव काढू नका. प्लेज केलेले शेअर टेंडरला देता येत नाहीत, आधी सोडवून घ्यावे लागतात. पाच लॉटच्या मार्जिनसाठी, म्हणजे ब्रोकरकडं ठेवायच्या अनामतीसाठी, ते अडकवून ठेवलेत आणि टेंडरची खिडकी उघडलीय, तर मार्जिन कमी पडतंय म्हणून शेअर सुटत नाहीत आणि शेअर सुटत नाहीत म्हणून १,२५० चा भाव हातचा जातोय. एकाच बैलाला सकाळी कुळव आणि सकाळीच गाडी, असं होईल ते.

पाच लॉटचं आता. सर तुम्हाला मार्जिन सांगतायत, लॉटला लाखभर, म्हणून तुम्हाला ४ लाख आणि शेअर पुरेसे वाटतायत. पण पाच लॉट म्हणजे २,५०० शेअर, १,००० च्या स्ट्राईकनं २५ लाखांची खरेदीची बोली. तुमच्या वहीच्या नावे बाजूला हा आकडा यायला पाहिजे. भाव ८५० ला गेला, आणि आयटी शेअर एका निकालात असा पडलेला आपण बघितलाय, तर १४ रुपये प्रीमियम धरूनही शेअरमागं १३६ चा तोटा, मिळून ३ लाख ४० हजार. मेहुण्याच्या ४ लाखातले ६० हजार उरतील. मिळणार होते किती? ३५,०००. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये जो अभ्यास काढला त्यात २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन वर्षांत एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर-ऑप्शनचे सौदे, करणाऱ्या साध्या माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात होते, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. ह्यातल्या कित्येकांनी सुरवातीचे तीन महिने तुमच्यासारखंच जमा बाजूला लिहिलं असेल. तुम्ही हरिपूरची पेवं बघितलीयत, तिथं हळद वर्षानुवर्षं जमिनीत ठेवायचे, कीड नाही काही नाही, आणि मग २००५ च्या पुरात पाणी आलं. आदल्या दहा वर्षांत पाणी आलं नव्हतं ह्याचा उपयोग काय झाला.

पुट विकणं म्हणजे जुगार असं माझं म्हणणं नाही हं, तसा सूर लागला असेल तर सोडून द्या. १९९३ मध्ये वॉरन बफेनं कोकाकोलाचे ५० लाख शेअरचे पुट विकले होते, शेअरमागं दीड डॉलर घेऊन, स्ट्राईक ३५ च्या आसपास. ७५ लाख डॉलर मिळाले. फरक एवढाच की त्याला ३५ ला कोकाकोला पाहिजेच होता आणि ते घ्यायचे पैसे त्याच्याकडं होते. तुम्हीही स्वतःला हेच विचारा, ह्या कंपनीचे आणखी ५०० शेअर १,००० रुपयांनी मला घ्यायचेत का, आणि ५ लाख रोख माझ्या खात्यात आहेत का? दोन्हीला हो असेल तर रेकॉर्ड डेट झाल्यावर खुशाल एक लॉट विका, पुट शून्य झाला तर प्रीमियम, नाही झाला तर पाहिजे असलेले शेअर. एकाला जरी नाही असेल तर ते २३,५०० घेऊन गप घरी जा, चांगले मिळालेत. मला पत्रावरनं वाटतं की तुमचं उत्तर नाही असंच येईल, पण ते तुम्ही ठरवा.

मेहुण्याचं. घेऊ नका. त्यांचे पैसे आधी तुमच्या बँक खात्यात येणार, मग ब्रोकरकडं जाणार, ट्रेड तुमच्या पॅनवर, नफा झाला तर टॅक्स तुमच्या नावावर, तोटा झाला तर तुम्ही आयुष्यभर बहिणीचे देणेकरी. कागद काहीच नाही. तुम्ही म्हणता ते स्वतःहून देतायत, हो, पण ते तीन महिन्यांची जमा बाजू बघून देतायत, नावे बाजू तुम्ही त्यांना दाखवलीय कुठं. त्यांना नाही म्हणायला अवघड वाटत असेल तर सरळ सांगा की बायबॅक होईपर्यंत मी काही नवीन करत नाहीये, हे खोटं पण नाही. उगाच कारणं रचत बसू नका. आणि ते सर कोण आहेत, सेबीकडं त्यांची नोंदणी आहे का, हे सेबीच्या साईटवर नाव टाकून पाच मिनिटांत कळतं. नोंदणी नसली तर ग्रुप सोडायला माझ्या पत्राची वाट बघू नका.

वहिनींना का सांगितलं नाही हे तुम्ही लिहिलंय, 'घाबरेल म्हणून'. मला नाही पटलं. नफा झाला असताना घाबरण्यासारखं काय असतं? तुम्हाला आतनं ती कोरी बाजू दिसत होती म्हणून सांगितलं नाही असं मला वाटतं, चुकत असेन तर कळवा. माझ्या घरात एकानं असंच लपवलं होतं, शेअरचं नव्हे, भिशीचं, आणि पैसे गेल्यापेक्षा आठ महिने माहीत असून बोलला नाही ह्याचंच जास्त लागलं सगळ्यांना. तुमच्याकडं अजून काही गेलेलं नाही, उलट आलेलंच आहे, ह्यापेक्षा सोपी वेळ परत येणार नाही. रात्री जेवण झाल्यावर तीच वही समोर ठेवा, नावे बाजूला ५ लाख लिहून, आणि म्हणा, हे असं आहे, हे मी मिटवतोय. डिमॅटला नॉमिनी कोण आहे ते पण त्याच बैठकीत बघून घ्या, वडिलांच्या नावावरनं शेअर तुमच्याकडं आले तेव्हा नॉमिनी टाकायचं बऱ्याच जणांचं राहून जातं.

टॅक्सचं जरा. पुटमधनं मिळालेले पैसे व्याजासारखे 'इतर उत्पन्न' नव्हेत, ते धंद्याचं उत्पन्न धरतात, त्यामुळं नोकरदाराचा साधा आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो, तुम्ही हिशेबातले आहात तुम्हाला जमेल पण लपवू नका. बायबॅकचे नियम तर हल्ली हलते आहेत, १ ऑक्टोबर २०२४ पासून बायबॅकची सगळी रक्कम डिव्हिडंड म्हणून शेअरहोल्डरच्या उत्पन्नात धरायला लागले आणि मूळ खरेदी किंमत भांडवली तोटा म्हणून पुढं न्यायची होती, २०२६ च्या बजेटनं ह्यात परत फेरफार केले, तेव्हा तुमचं टेंडर ज्या वर्षात पडेल त्या वर्षाचा नियम सीएला विचारूनच पुढं जा. वडिलांनी काय भावानं घेतले होते त्याचा जुना कागद, कॉन्ट्रॅक्ट नोट, काहीही, ट्रंकेत असेल तर आत्ताच शोधून ठेवा, वारशानं आलेल्या शेअरला त्यांचीच खरेदी किंमत लागते.

शेवटचं, टेंडरची खिडकी फक्त पाच कामाच्या दिवसांची असते आणि बरेच ब्रोकर शेवटच्या दिवशी लवकरच दार लावून घेतात. कंपनीचं पत्र ई-मेलवर येतं, आणि तो ई-मेल वडिलांच्या जुन्या खात्याला जोडलेला तर नाही ना, हे आज संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी तपासा.